उन्हाळ्यात नैराश्याच्या गोळ्या बंद ठेवाव्यात का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. एमपीएससीच्या तयारीसाठी तो कर्वेनगरला आमच्याकडे राहतो. जानेवारीपासून त्याचे जेवण तुटले, अभ्यासिकेत जाणे बंद झाले, म्हणून फेब्रुवारीअखेर आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी एसिटालोप्रॅम सुरू केले आणि पंधरा दिवसांपूर्वी मात्रा वाढवली. तेव्हापासून तो रात्री गच्चीवर येरझाऱ्या घालतो, पहाटे चारलाच उठून बसतो, ‘आतून कसंतरी होतं, एका जागी बसवत नाही’ म्हणतो. त्यातच मोबाइलवर एक बातमी वाचली की, नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कडक उन्हाच्या दिवसांत आत्महत्येचा धोका वाढतो. बार्शीहून आईचा रोज फोन येतो : ‘या गोळ्या उष्ण पडतात, उन्हाळाभर बंद ठेवा, पाऊस पडला की बघू.’ यजमान म्हणतात, चार दिवस महाबळेश्वरला नेऊन आणू. त्याच्या मनात तसले काही आहे का, हे विचारायची मला हिंमत होत नाही. काय करावे?
– एक बहीण, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण हवामानाविषयी विचारले आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु आपल्या पत्रातील जे वाक्य वाचून मी थांबलो, ते उन्हाविषयीचे नाही. मात्रा वाढवल्यानंतर सुरू झालेल्या येरझाऱ्या, मोडलेली झोप आणि ‘एका जागी बसवत नाही’ ही तक्रार, या तिन्ही गोष्टी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर आजच, पुढच्या तारखेची वाट न पाहता घालायला हव्यात. नैराश्यावरील गोळ्या सुरू करताना किंवा त्यांची मात्रा बदलताना काही रुग्णांना अशी आतून कुरतडणारी बेचैनी येते. वैद्यकात तिला अकॅथिसिया म्हणतात. मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा थोडे दिवस दुसरे औषध जोडून ती बहुतेक वेळा आटोक्यात येते. मात्र ती असह्य झाल्यामुळे जीव नकोसा होण्याचे विचार बळावू शकतात, म्हणून ‘सवय झाली की जाईल’ असे म्हणून ती अंगावर काढायची नसते. दवाखान्यातून ‘पुढच्या आठवड्यातली वेळ देते’ असे उत्तर मिळाले, तर मात्रा कधी वाढवली, बेचैनी केव्हापासून आहे, झोप किती तास लागते आणि रुग्णाचे वय काय, हे लिहून घेऊन डॉक्टरांपर्यंत पोचवण्याचा आग्रह धरावा. तसा आग्रह धरणे म्हणजे आगाऊपणा नव्हे.

वयाचा उल्लेख मी मुद्दाम केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरवयीन रुग्णांसाठी या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. मुलांवरील चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन साध्या, औषधविरहित गोळीवर असलेल्यांपैकी सुमारे २ टक्के, तर खऱ्या औषधावर असलेल्यांपैकी सुमारे ४ टक्के मुलांमध्ये नोंदवले गेले. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. चोविशीच्या पुढे हा फरक दिसत नाही आणि पासष्टीनंतर तर औषधाने धोका कमी झालेला दिसतो. तेव्हा या इशाऱ्याचा अर्थ ‘तरुणांना औषध देऊ नका’ असा घ्यायचा नाही, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य हाच मोठा धोका असतो. पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे काही आठवडे घरच्यांनी व डॉक्टरांनी रुग्णाला नजरेआड होऊ देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आपला भाऊ आज नेमका त्याच काळात आहे.

येथे आणखी एक शक्यता सांगून ठेवतो. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण डॉक्टर आपल्याला एक प्रश्न हमखास विचारतील : झोप न मिळाल्याने तो थकलेला, चिडलेला दिसतो, की तीन-चार तासांच्या झोपेवरही ताजातवाना, भरभर बोलणारा, नवनवे बेत आखणारा, हात सोडून पैसे खर्च करणारा झाला आहे? दुसरे चित्र असेल तर हे नैराश्य द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचा, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटूनपालटून येणाऱ्या आजाराचा भाग असू शकते, आणि मग नुसती नैराश्याची गोळी पुरत नाही, कधीकधी ती उलटतेही. हा विकार बहुधा विशी-पंचविशीतच प्रथम डोके वर काढतो. पूर्वी कधी असे चढे दिवस आले होते का, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, हे आईंना विचारून ठेवावे.

आता हवामान. आपण वाचलेली बातमी निराधार नाही, मात्र तिच्यातून आपल्या घरासाठी जो निष्कर्ष काढला जात आहे, तो तिच्यात नाही. ढगाळ, काळवंडलेल्या दिवसांत माणसे खचतात आणि म्हणून आत्महत्याही त्याच दिवसांत अधिक होत असतील, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. युरोपातील नोंदी एकोणिसाव्या शतकापासून याच्या उलट सांगत आल्या आहेत. एमिल द्युर्कहेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच दाखवून दिले होते की, तिकडे हे मृत्यू हिवाळ्याच्या अंधारात कमी आणि दिवस मोठा होत जातो तसतसे अधिक होतात. ऑस्ट्रियातील संशोधकांनी १९७० ते २०१० या काळातील सुमारे ६९ हजार आत्महत्यांच्या नोंदी तेथील हवामान केंद्रांच्या सूर्यप्रकाशाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांना दोन परस्परविरुद्ध भासणाऱ्या गोष्टी आढळल्या. त्या दिवशी आणि त्याआधीच्या दहा दिवसांत ऊन जास्त असेल, तर मृत्यूंचे प्रमाण किंचित वाढलेले होते. मात्र त्याआधीच्या दोन ते आठ आठवड्यांत ऊन जास्त मिळालेले असेल, तर ते घटलेले होते.

मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला हे वाचून नैराश्याच्या गोळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सूर्यप्रकाशाचा मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या उलाढालीशी संबंध असल्याचे २००२ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले होते, आणि एसिटालोप्रॅमच्या कुळातील, म्हणजे एसएसआरआय गटातील औषधे सेरोटोनिनवरच काम करतात. दोन्हींच्या बाबतीत असे मानले जाते की, अंगात हालचालीचे बळ आधी येते आणि मनावरचे मळभ नंतर हटते. दोहोंमधले जे दिवस असतात, ते जपण्याचे. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत एसएसआरआय घेणाऱ्यांमध्ये वसंत व उन्हाळ्याच्या आरंभीचा आत्महत्यांचा चढ अधिक ठळक दिसला होता. आपल्यापर्यंत पोचलेली बातमी बहुधा याच धाग्याची असावी. परंतु औषध ज्यांना दिले जाते, ते मुळात अधिक आजारी असतात, त्यामुळे दिसलेल्या फरकातील किती वाटा औषधाचा आणि किती आजाराचा, हे अशा नोंदींवरून वेगळे काढता येत नाही. बातमीच्या मथळ्यात हे वाक्य कधीच बसत नाही.

शिवाय स्टॉकहोमचे पंचांग पुण्याला लागू पडत नाही. तेथे डिसेंबरातला दिवस सुमारे ६ तासांचा आणि जूनमधला साडेअठरा तासांचा असतो. आपल्याकडे हाच फरक सुमारे ११ तास आणि सव्वातेरा तास एवढाच आहे. आपल्याकडे वैशाखात आभाळ कोरडे ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाही, म्हणजे दिवस सर्वांत मोठा असतो तेव्हाच ढगही दाटायला लागलेले असतात. उत्तर युरोपात आढळलेला ऋतूंचा आलेख उचलून पुण्याच्या एप्रिल-मेवर ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही.

उष्णतेचा स्वतंत्र अभ्यासही झालेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार महिन्याचे सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर आत्महत्यांचा दर अमेरिकेत ०.७ टक्के आणि मेक्सिकोत २.१ टक्के वाढतो. कोट्यवधी लोकसंख्येच्या सरकारने दखल घ्यावी असा हा आकडा आहे. एका घरातल्या एका मुलाबाबत मात्र तो जवळजवळ काहीच सांगत नाही. भारतापुरता २०१७ मध्ये झालेला अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. त्यात तापमान २० अंशांच्या वर गेल्यावर होणारी वाढ आत्महत्यांशी जोडलेली आढळली, पण फक्त पिकांच्या हंगामात. शेतात पीक नसते त्या महिन्यांतील उष्णतेचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे तेथे ऊन थेट डोक्यात जात नव्हते, ते उभ्या पिकातून आणि घरच्या पैशांतून माणसापर्यंत पोचत होते. बार्शीच्या शेतकरी कुटुंबातील आपल्या आईंना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आईंचे ‘उष्ण पडतात’ हे म्हणणे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात निरीक्षण खरे आहे, उपाय तेवढा चुकीचा आहे. एसएसआरआय गटातील गोळ्यांनी काही जणांना घाम जास्त येतो, तोंड कोरडे पडते, पहिले काही दिवस मळमळते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या अभ्यासिकेत बसणाऱ्याला हे ‘उष्णतेचे’ वाटले तर नवल नाही. अमिट्रिप्टिलिन किंवा इमिप्रॅमिन यांसारख्या जुन्या गोळ्यांचे उलटे असते : त्यांनी घाम कमी येतो आणि शरीर थंड होण्याची वाटच अरुंद होते. द्विध्रुवी विकारावरचे लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर औषधाची रक्तातील पातळी घातक ठरेल इतकी चढू शकते. आणि ज्येष्ठ रुग्णांमध्ये, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, एसएसआरआयमुळे रक्तातील सोडियम उतरून डोके दुखणे, तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे असे त्रास उद्भवतात, जे उन्हाळ्यात ‘ऊन लागले’ म्हणून सोडून दिले जातात. आपल्या भावाचे वय आणि औषध पाहता यातले त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता कमी आहे. त्याने पाणी, मीठ घातलेले ताक, कोकम सरबत वेळेवर घ्यावे आणि भर दुपारी गाडीवरून हिंडू नये, एवढे पुरे.

गोळी एकाएकी थांबवली, तर मात्र दोन निरनिराळी संकटे ओढवतात. पहिले दोन-चार दिवसांतच येते : चक्कर, विचित्र स्वप्ने, चिडचिड, रडू येणे, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे. घरच्यांना वाटते की आजार बळावला, रुग्णाला वाटते की आपले काही खरे नाही. दुसरे काही आठवड्यांनी येते, ते म्हणजे मूळ नैराश्य परत येणे. आईंच्या सांगण्याप्रमाणे एप्रिलमध्ये गोळी बंद केली, तर हे दुसरे संकट मे-जूनमध्ये, म्हणजे जे दिवस टाळायचे म्हणून गोळी थांबवली त्याच दिवसांत दाराशी येईल. बरे वाटू लागल्यानंतरही हे औषध साधारणपणे किमान सहा महिने चालू ठेवायचे असते आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवायचे असते. आपल्या भावाला तर अजून बरेही वाटलेले नाही. बेचैनीमुळे मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हा निर्णय डॉक्टर घेतील. तो कॅलेंडर पाहून घ्यायचा नाही.

आता ज्याची आपल्याला भीती वाटते, त्याविषयी. विचारल्याने मनात नसलेला विचार रुजत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटले, असे रुग्णच सांगतात. आडून विचारू नये. ‘तू असले काही वेडेवाकडे करणार नाहीस ना?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ असेच म्हणेल, कारण उत्तर आपणच त्याच्या तोंडी दिलेले असते. दोघेच असताना, गच्चीवर त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारता मारता, आपल्या नेहमीच्या बोलीत विचारावे : ‘तुला फार त्रास होतोय, हे मला दिसतंय. कधी जगणंच नको, असं मनात येतं का रे?’ मग गप्प राहावे. त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल, तो वेळ आपण भरून काढू नये. ‘हो’ म्हणाला, तर ‘आईचा तरी विचार कर’ असे म्हणू नये. त्याच्या मनात आधीच असलेल्या अपराधीपणात त्याने भरच पडते. किती दिवसांपासून येते, आज येते आहे का, काही ठरवले आहे का, एवढे शांतपणे विचारावे आणि ‘सांगितलंस ते बरं केलंस, आपण आजच डॉक्टरांशी बोलू’ असे म्हणावे.

त्याने काही ठरवले असल्याचे सांगितले, किंवा तो उत्तर टाळू लागला आणि आपले मन आपल्याला ग्वाही देईना, तर त्याला एकटे सोडू नये. डॉक्टर फोनवर मिळाले नाहीत तर त्याला घेऊन थेट ससूनच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. आपणही तेथे फोन करू शकता, रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. पोलिसांचे लचांड मागे लागेल या धास्तीने काही कुटुंबे रुग्णालयात जाणे टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. मनातले विचार डॉक्टरांना सांगणे हा तर कधीच गुन्हा नव्हता.

उत्तर काहीही आले, तरी औषधे या काळात आपल्या ताब्यात ठेवावीत. महिन्याचा साठा आणण्यापेक्षा आठवड्यापुरती पाकिटे आणावीत, गोळी रोज आपल्या हाताने द्यावी, आणि घरातील इतरांची रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची औषधे कुलपात ठेवावीत. त्याला बार्शीला पाठवायचे ठरले, तर शेतातली कीटकनाशके व तणनाशके घरात किंवा पडवीत न ठेवता किल्ली दुसऱ्याकडे असलेल्या खोलीत हलवल्यानंतरच पाठवावे. हे सगळे त्याच्यापासून लपवून करू नये. ‘हे दिवस जाईपर्यंत गोळ्या माझ्याकडे ठेवते’ असे सरळ सांगितले, तर त्याला त्यात अविश्वास दिसत नाही.

हवामानाचा जो खरा उपद्रव आपण कमी करू शकतो, तो झोपेवरचा आहे. उकाड्याने मोडलेली झोप नैराश्याला खतपाणी घालते आणि गोळीमुळे आलेली बेचैनी वाढवते. तो गच्चीलगतच्या, दिवसभर तापलेल्या खोलीत झोपत असेल, तर उन्हाळ्यापुरते त्याला खालच्या खोलीत आणावे. गोळी रात्री घेत असेल तर ती सकाळी घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि चहा मोजावा. स्पर्धा परीक्षेची मुले अमृततुल्यावर रात्री अकरापर्यंत कटिंगवर कटिंग रिचवतात, हे सदाशिव पेठेतून जाणाऱ्या कोणालाही दिसते. या मुलाला दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको. सकाळचे कोवळे ऊन त्याने टाळण्याचे कारण नाही. सहा-सात वाजता तळजाईवर त्याच्याबरोबर चालून यावे. उठण्याची वेळ ठरावीक राहते आणि रात्रीची झोप मार्गावर यायला मदत होते. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये, आभाळ आठवडाभर भरून राहते तेव्हा तो पुन्हा मरगळला तर त्याची वहीत नोंद करावी, कारण दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींतून त्याचा स्वतःचा ऋतू डॉक्टरांना कळेल, आणि तो कोणत्याही परदेशी आलेखापेक्षा त्याच्या उपयोगाचा असेल.

आईंना हे सर्व आपण समजावण्यापेक्षा पुढच्या भेटीच्या वेळी, भावाची संमती घेऊन, दवाखान्यातूनच त्यांचे डॉक्टरांशी फोनवर बोलणे करून द्यावे. मात्रा स्थिर होईपर्यंत दर आठवड्याची भेट मागून घ्यावी. महाबळेश्वरला जाण्यात गैर काही नाही, पण थंड हवा हा नैराश्यावरचा उपचार नव्हे, आणि बेचैनी चालू असताना डॉक्टरांपासून तीन तासांच्या घाटरस्त्यावर दूर जाणे शहाणपणाचे नाही. बेचैनी उतरून, झोप लागून दोन-तीन आठवडे गेले की यजमानांनी खुशाल खोली आरक्षित करावी. गोळ्या सोबत न्याव्यात आणि त्या गाडीच्या डिकीत तापू न देता आपल्या पर्समध्ये ठेवाव्यात.